अलाइनमेंटचे आकडे दोन दुकानांत दोन आले. घरी मोजता येतं का?

घाटातला_गिअर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांना ताकद असलेली, टायर १६५/८० आर १४. चारही टायर नवे टाकून सतरा हजार किलोमीटर झाले. परवा गाडी धुताना स्टेअरिंग पूर्ण डावीकडे कापलेलं होतं, म्हणून पुढच्या डाव्या टायरची आतली कड नजरेस पडली. बाहेरच्या खाचेत अजून पाच मिलिमीटर रबर आहे आणि आतल्या कडेला झीज दाखवणाऱ्या उंचवट्यापर्यंत, म्हणजे १.६ मिलिमीटरपर्यंत, टायर उतरलाय. उभं राहून बघितलं तर टायर ठणठणीत दिसतो. उजवा टायर मात्र आत-बाहेर जवळजवळ सारखाच झिजलाय.

त्याच दिवशी घराजवळच्या दुकानात अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करून घेतलं, साडेचारशे रुपये. आधीच्या कागदावर एकूण टो उणे ०°२२', डावा कॅम्बर उणे १°०५', उजवा उणे ०°३५'. टो ०°०२' वर आणून दिला. मन मानेना म्हणून दुसऱ्या दिवशी मित्राच्या ओळखीच्या दुकानात नेली. तिथे काहीही न हलवता टो उणे ०°१४' आणि डावा कॅम्बर उणे ०°२०' दाखवला! उजवा उणे ०°३०'. तो म्हणाला दोन्ही बाजू जुळत नाहीत, कॅम्बर जॅक लावून सरळ करावा लागेल, बाराशे वेगळे. मी नको म्हणून निघालो.

एका रात्रीत गाडीची चाकं एवढी हलत नसणार. मग कोणाचा आकडा धरायचा? आणि घरच्या घरी, पार्किंगमध्ये, दोरी बांधून भरवसा ठेवण्याजोगं मोजता येतं का?

भजीप्लेट
वाचतोय. माझाही डावा टायर आतूनच खाल्लाय, उजव्याला काही नाही.

यंत्रवेडा
आधी शब्द नीट समजून घेऊ, नाहीतर कागद वाचता येणार नाही.

उभे राहा आणि पायांकडे बघा. दोन्ही चवडे एकमेकांकडे वळवले की टो-इन, बाहेर फाकवले की टो-आउट. गाडीचंही तेच, फक्त वरून बघायचं. आता समोरून बघा. चाकाचा माथा इंजिनाकडे झुकला की उणा कॅम्बर, बाहेर झुकला की अधिक. तिसरा कॅस्टर, तो बाजूने बघायचा. स्टेअरिंग वळवल्यावर चाक ज्या रेषेभोवती फिरतं तिचा माथा मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा दांडा जसा तिरका असतो तसा. हात सोडल्यावर सायकल सरळ जाते आणि वळणानंतर गाडीचं स्टेअरिंग आपोआप मधे येतं, त्यात या कलाचा मोठा वाटा आहे.

टायर खाण्यात पहिला नंबर टोचा. तुमचा एकूण टो २२ मिनिटं बाहेर, म्हणजे प्रत्येक चाक ११ मिनिटं. साधं गणित केलं तर एवढ्या कोनात चाक दर किलोमीटरला सव्वातीन मीटर आडवं घासतं. सुरुवातीपासून तसंच असेल तर सतरा हजार किलोमीटरमध्ये चोपन्न किलोमीटर आडवं! रबर उरणार कसं?

एक गोष्ट आजच करा. टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचलं तर टोमध्ये दोष आहे. बाहेरून आत येताना टोचलं तर टो-आउट, आतून बाहेर जाताना टोचलं तर टो-इन. हाताला काहीच टोचलं नाही आणि एकच कड खाली गेलेली असेल तर कॅम्बरकडे बघायचं.

आणि कागदावर ०°२२' आहे की ०.२२° ते नीट पाहा. एका अंशात साठ मिनिटं, पंचांगात त्यालाच कला म्हणतात. ०.२२ अंश म्हणजे फक्त १३ मिनिटं. काही मशीन एका पद्धतीने छापतात, काही दुसऱ्या. दोन दुकानांचे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडणारे निम्मे लोक इथेच चुकलेले असतात.

घाटातला_गिअर
तपासलं, दोन्ही कागदांवर अंश-मिनिटंच आहेत. तळहात फिरवला. बाहेरून आत येताना डाव्या टायरला चांगलंच टोचतं, उजव्याला जेमतेम.

टूलरूम_निवृत्त
हेच विचारणार होतो. यंत्रवेडा यांचं सगळं बरोबर, पण एक मुद्दा राहिला. टो फक्त डाव्या चाकाचा चुकलेला असला तरी गाडी रस्त्यावर सरळ चालवताना तो दोन्ही चाकांत वाटला जातो, कारण स्टेअरिंग तुम्ही किंचित वळवून धरता. म्हणून नुसत्या टोमुळे शक्यतो दोन्ही टायर खाल्ले जातात. इथे एकच खाल्लाय. म्हणजे त्या डाव्या चाकापाशी आणखी काहीतरी आहे. ढिलं काही आहे का, ते आधी बघा. मग मोजा. ढिल्या चाकाचं माप घेणं म्हणजे हलत्या पोराची उंची मोजणं.

पंक्चरपासून_सुरुवात
माझं स्वतःचं छोटं टायरचं दुकान आहे, पंक्चर काढण्यापासून सुरुवात केली, आता कॅमेऱ्याने मापणारं थ्रीडी मशीन आहे. आकडे दोन का येतात ते आतल्या बाजूने सांगतो.

गाडी रॅम्पवर चढली की पुढची चाकं फिरत्या ताटल्यांवर यायला हवीत. चारही टायरची हवा सारखी करायची. मग चाकांना पाट्या लावून गाडी थोडी मागे-पुढे ढकलायची. हे ढकलणं म्हणजे नुसता उपचार नव्हे. रिम थोडा वाकडा असेल किंवा क्लॅम्प तिरका बसला असेल तर चाक फिरताना पाटी डुलते, कॅमेरा ते डुलणं बघतो आणि मापातून वजा करतो. घाईच्या वेळी पोरं हे उरकून टाकतात, कधी गाळतातच. मग रिमचा वाकडेपणा कॅम्बर म्हणून छापून येतो.

त्यानंतर ताटल्यांच्या पिना काढायच्या, पुढची बाजू दाबून सस्पेन्शन बसवायचं, स्टेअरिंग मधे आणून कुलूपपट्टी लावायची, ब्रेकवर दांडा लावायचा. आणि सगळ्यात आधी, मशीनमध्ये गाडीचं बरोबर मॉडेल निवडायचं. दुसऱ्याच गाडीचं निवडलं तरी स्क्रीनवर हिरवं, म्हणजे सगळं बरोबर, दिसू शकतं. मी गिऱ्हाइकाला शेजारी उभं करून दाखवतो. हे बघायला मागा, कोणी चांगला दुकानदार रागावत नाही.

रोज_१२०_किमी
दोरी-बिरी सोडा राव. लाखांचं मशीन चुकतं आणि पार्किंगमधली सुतळी बरोबर येते? माझं सरळ सांगणं, तिसऱ्या दुकानात जा आणि तीनपैकी जे दोन जुळतील ते धरा.

यंत्रवेडा
मशीन चुकत नाही, मशीनला चुकीच्या अवस्थेतली गाडी दाखवली जाते. आणि दोरी सरळच असते, ती ताणली की झालं. दोघांत फरक वेगाचा आहे. मशीन दहा मिनिटांत करतं, दोरीला दोन तास लागतात. तीन चुकीच्या मापांपैकी दोन जुळली तर ती बरोबर कशी ठरतील?

ऊसपट्टा_सांगली
आमच्याकडं ट्रॅक्टरचा टो-इन घरीच बघतात, त्यात नवल काही नाही. ट्रॅक्टरची पुढची चाकं समोरून बघा, माथा बाहेर कललेला उघड्या डोळ्याला दिसतो. गाडीच्या उलट. टो-इन मोजायला टेप पुरतो. ट्रॅक्टर सपाटीवर सरळ उभा करायचा, तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, उंचीवर दोन्ही रिमच्या पुढच्या आतल्या कडेला खडूची खूण करायची आणि दोन्ही खुणांमधलं अंतर लिहून ठेवायचं. मग ट्रॅक्टर इतका पुढं न्यायचा की त्याच खुणा मागच्या बाजूला त्याच उंचीवर येतील. परत अंतर मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी आलं की टो-इन. किती असावं ते ट्रॅक्टरबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. टाय रॉडचा, म्हणजे स्टेअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचा, नट सोडून रॉड फिरवायचा, परत बघायचं.

उसाच्या दोन ट्रॉल्या मागं लावून हंगामभर ओढल्यावर बॉल जॉइंट ढिले होतात, मग कितीही जुळवा, चार दिवसांत जैसे थे. टूलरूमवाले काका म्हणतात ते शंभर टक्के. आधी ढिलाई, मग माप.

टूलरूम_निवृत्त
ऊसपट्टा, तुमच्या पद्धतीतली खरी मेख बघा. तुम्ही तीच खूण पुढून मागे आणता, म्हणजे चाक अर्धा फेरा फिरतं. रिम वाकडा असला तरी दोन्ही मापं एकाच बिंदूवर घेतल्यामुळे वाकडेपणा मधे येत नाही. टूलरूममध्ये लेथवर जॉबला डायल लावून आम्ही आयुष्यभर हेच केलं. एका जागी माप घ्यायचं, अर्धा फेरा फिरवून परत घ्यायचं. दोन्हींत फरक आला तर अर्धा फरक वाकडेपणाचा, आणि दोन्हींची सरासरी हे खरं माप. धागाकर्त्यांनी घरी मोजायचं असेल तर एवढी एक गोष्ट विसरू नका.

स्टुटगार्टची_सई
इथे जर्मनीत अलाइनमेंट करून घेतलं की आधीचे आणि नंतरचे दोन्ही आकडे असलेला कागद हातात मिळतो, आणि मागच्या चाकांचेही. आपल्याकडे बरेच जण फक्त पुढचा टो बघतात. मागचा अ‍ॅक्सल किंचित तिरका असेल तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि चालकाला स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं. छोट्या गाड्यांत मागचा अ‍ॅक्सल बहुधा एकसंध तुळईसारखा असतो, त्याला फिरवायला काही नसतं, पण मोजायला तर हरकत नाही.

गंमत म्हणजे पुण्यात असताना माझी गाडी हात सोडला की डावीकडे जायची आणि इथली उजवीकडे जाते. दोन्हींचं अलाइनमेंट व्यवस्थित आहे!

डांबर_आणि_खडी
सई, त्याचं उत्तर आमच्या खात्यात आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करतात. डांबरी रस्त्याला हा आडवा उतार साधारण दोन ते अडीच टक्के. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये सात ते नऊ सेंटिमीटर. आपण डाव्या बाजूने चालवतो म्हणून गाडी डावीकडे कलते, जर्मनीत उजव्या बाजूने म्हणून उजवीकडे. रस्त्याच्या या उतारालाही कॅम्बरच म्हणतात.

म्हणून गाडी ओढते की नाही ते ठरवताना रिकामा, सपाट रस्ता शोधा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर उजवीकडची लेनही डावीकडेच उतरती असू शकते, तिथे तपासून फसू नका.

भजीप्लेट
अवांतर विचारतो. माझी गाडी नव्वदला स्टेअरिंगमध्ये थरथरते. तेही अलाइनमेंटच का?

पंक्चरपासून_सुरुवात
नाही. ठरावीक वेगाला थरथर म्हणजे बॅलन्सिंग, रिमचा बेंड किंवा टायरला आलेला फुगवटा. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा आधी हवा, मग अडकलेला ब्रेक, मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघायचे. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा. एवढं झाल्यावर अलाइनमेंटचा नंबर. तुमचा टायर आतून खाल्लाय ते वेगळं दुखणं, थरथर वेगळं.

निळी_छत्री
माझा अनुभव लिहिते. अलाइनमेंट केल्यावर गाडी सरळ जायची, पण स्टेअरिंग घड्याळातल्या एकच्या दिशेला वळलेलं. मला सांगितलं, सवय होईल. दोन महिने मी तशीच चालवली, मनात सतत खटकायचं. शेवटी दुसऱ्या एका कारागिराने दाखवलं. टो जुळवताना फक्त एका बाजूचा टाय रॉड फिरवला होता, कारण दुसऱ्या बाजूचा नट गंजून बसला होता. एकूण टो बरोबर, पण वाटणी चुकलेली. त्याने तेल सोडून अर्धा तास थांबून तो नट मोकळा केला आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. स्टेअरिंग सरळ झालं त्या दिवशी घरी येताना मी उगाच लांबच्या रस्त्याने आले.

घाटातला_गिअर
ताई, तुमचा अनुभव वाचून मीही कागद परत पाहिला. पहिल्या दुकानात डाव्या-उजव्या टोचे वेगळे आकडे छापलेत, मी फक्त एकूण बघत होतो. आता ठरवलंच आहे, रविवारी मोजणार. दोरी कशी बांधायची ते कोणी सविस्तर सांगेल का?

यंत्रवेडा
लिहितो. जागा सपाट हवी. गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून चारही चाकांच्या जागी फिरवा. दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असेल तर खाली जुन्या फरशीचे तुकडे ठेवून सारखं करा. टायरची हवा कंपनीने सांगितलेली, डिकीत सामान नको. गाडी तीन-चार मीटर सरळ पुढे ढकलत आणा आणि हँडब्रेक लावू नका, चाकांना ठोकळे लावा. जॅकवरून नुकती उतरवलेली गाडी कधी मोजू नका, चाकं आखडून बसलेली असतात.

आता खरी युक्ती. दोन वायरिंगचे पाइप घ्या, गाडीच्या रुंदीपेक्षा फूटभर लांब. दोन्ही शेजारी ठेवून अगदी सारख्या अंतरावर दोन-दोन खाचा पाडा. एक पाइप गाडीपुढे, एक मागे, दोन्ही स्टुलांवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला. खाचांतून मासेमारीचा दोरा ताणा. खाचांमधलं अंतर सारखं आहे आणि पाइप समोरासमोर आहेत, म्हणून डावा आणि उजवा दोरा एकमेकांना समांतर राहतात. मग पुढच्या डाव्या तुंब्याच्या मध्यापासून दोऱ्याचं अंतर आणि उजव्याचं अंतर सारखं येईपर्यंत पुढचा पाइप सरकवा. मागेही तसंच. पुढचं आणि मागचं एकमेकांशी जुळायची गरज नाही, कारण पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत वेगळं असतं. इथेच लोक चुकतात.

मग स्टीलची पट्टी घेऊन दोऱ्यापासून रिमच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर. पुढचं जास्त आलं तर टो-इन. चौदा इंची रिम म्हणजे ३५५ मिलिमीटर, त्यावर १ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण १० मिनिटं.

कॅम्बरला ओळंबा. चाकाच्या मध्यासमोर सोडा, वरच्या आणि खालच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर घ्या.

टूलरूम_निवृत्त
एक दुरुस्ती, यंत्रवेडा. चौदा इंच हे टायर जिथे बसतो त्या जागेचं माप आहे. रिमची कड त्याच्या बाहेर सतरा-अठरा मिलिमीटर वर आलेली असते. म्हणजे कडेपासून कडेपर्यंत सुमारे ३९० मिलिमीटर. त्यावर १ मिलिमीटर म्हणजे जवळपास ९ मिनिटं. आणि कोणी टायरच्या बाहेरच्या व्यासावर मोजलं, जो या टायरचा ६२० मिलिमीटर येतो, तर तोच १ मिलिमीटर साडेपाच मिनिटांचा. "दोन मिलिमीटर टो" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारा: कुठे मोजला?

यंत्रवेडा
बरोबर काका, चूक मान्य. ३९० धरा.

रोज_१२०_किमी
मोजा हो, मी आडवा येत नाही. पण कॅम्बर जॅकला एवढं का घाबरता? माझ्या आधीच्या गाडीचा तसाच काढला होता, पुढे चाळीस हजार चालली.

पंक्चरपासून_सुरुवात
मी करत नाही, कारण सांगतो. छोट्या गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीने फिरवायला दिलेलाच नसतो किंवा दोन बोल्टांच्या ढिलाईएवढा असतो. जॅकने जोर देऊन स्ट्रट, म्हणजे चाकावरचा शॉकअपचा खांब, किंवा चाकाला धरणारा खालचा हात, म्हणजे लोअर आर्म, वाकवतात. सरळ असलेली वस्तू वाकवून दुसरीकडचं वाकडेपण झाकायचं, असं ते काम. दांडा कणभर वाकला तरी शॉकअपचं सील रडायला लागतं. अपघातात खरंच काही वाकलं असेल तर तो भाग बदलायचा. तुमची गाडी चालली, त्याचा आनंदच आहे, पण माझ्या गिऱ्हाइकाला मी ते सांगणार नाही.

भजीप्लेट
रविवारी दोरी बांधल्यावर कुणी कपडे वाळत घालणार नाही एवढं बघा!

निळी_छत्री
आणि कृपा करून नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. स्टँड नसेल तर खाली जायचंच नाही.

डांबर_आणि_खडी
कॅस्टर घरी मोजता येतो का? कोणी बोललंच नाही.

यंत्रवेडा
येतो. चाक वीस अंश बाहेर वळवून कॅम्बर मोजायचा, मग वीस अंश आत वळवून. दोन्हींतला फरक गुणिले दीड म्हणजे कॅस्टर. चाकाखाली ग्रीस लावलेल्या दोन फरश्या एकीवर एक ठेवाव्या लागतात, नाहीतर टायर अडून बसतो. गाडी ओढत नसेल तर सध्या त्यात शिरू नका.

घाटातला_गिअर
मंडळी, मोजलं! सकाळी साडेसहाला सुरुवात केली, दहाला संपलं. बाबा टेप धरायला होते. त्यांना चष्मा लावून मिलिमीटर वाचताना पाहून बालपणी भिंतीवर माझी उंची खुणेने लिहायचे ते आठवलं.

पाण्याच्या नळीने बघितलं तर डाव्या मागच्या चाकाखाली जमीन सहा मिलिमीटर खाली निघाली. एक फरशी ठेवली. पाइप, दोरे, सगळं सांगितल्यासारखं. मागची दोन्ही चाकं अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली, म्हणजे अ‍ॅक्सल सरळ आहे.

मग ओळंबा. डाव्या चाकाला वरचं अंतर खालच्यापेक्षा ७ मिलिमीटर जास्त. ३९० च्या हिशोबाने उणे १°०२'. पहिल्या दुकानाचाच आकडा! मी खूश. बाबा म्हणाले, ते अर्धा फेरा काय म्हणत होते ते कर. व्हॉल्व्ह वर होता, तो खाली येईपर्यंत गाडी ढकलली आणि परत मोजलं. २ मिलिमीटर. उणे ०°१८'. दुसऱ्या दुकानाचा आकडा! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. सरासरी साडेचार मिलिमीटर, म्हणजे उणे ०°४०'. उजव्या चाकाला दोन्ही वेळा ४ मिलिमीटर, उणे ०°३५'.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या कॅम्बरमध्ये फरक पाच मिनिटांचा. जॅक लावून सरळ करण्यासारखं काही नव्हतंच. डावा रिम वाकलाय, अडीच मिलिमीटर. चाकाजवळ पट्टी धरून जॅकवर हळूहळू फिरवलं तर डोळ्यांनी दिसतं. गेल्या पावसाळ्यात एक खड्डा लागला होता, तोच असणार.

टो मात्र विचित्र. गाडी पुढे ढकलून आणली तर डाव्या चाकाचा टो शून्याजवळ येतो. मागे ढकलून आणली तर २ मिलिमीटर टो-आउट. अर्ध्या फेऱ्याची सरासरी घेऊनच सांगतोय. उजवं चाक दोन्ही वेळा सारखं. तीन वेळा केलं, तेच.

टूलरूम_निवृत्त
शाब्बास! बाबांनाही सांगा. आता तुमचं उत्तर तुमच्या वहीतच आहे. गाडी पुढे आणली की एक माप, मागे आणली की दुसरं, म्हणजे ते चाक पुढे-मागे सरकतंय. लोअर आर्मचा मागचा बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर, तपासून घ्या. तो फाटला की प्रत्येक ब्रेकला, प्रत्येक पिकअपला चाक जागा बदलतं, आणि एकटा डावा टायर खाल्ला जातो. दुकानात गाडी ज्या दिशेने रॅम्पवर थांबली त्यावर टोचा आकडा ठरला.

पंक्चरपासून_सुरुवात
सहमत. गॅरेजमध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, लावून हलवायला सांगा आणि स्वतः खाली उभं राहून बघा. बुश बदलेपर्यंत टोला हात लावू नका.

रोज_१२०_किमी
मागे घेतो माझं. दोरीने हे दिसेल असं वाटलं नव्हतं. येत्या शनिवारी माझ्याही गाडीची मापं घेतो.

घाटातला_गिअर
काम झालं, म्हणून शेवटचं लिहितो. लिफ्टवर गाडी घेतली, कारागिराने डाव्या लोअर आर्मच्या मागे टॉमी घालून नुसता दाब दिला तर आर्म बोटभर मागे गेला. बुशचं रबर तीन चतुर्थांश फाटलेलं, आत काळी पूड. उजवीकडे त्याच जोराने काही हललं नाही. पूर्ण लोअर आर्म बदलला. वाकडा रिम स्टेपनीला टाकला आणि स्टेपनीचा सरळ रिम पुढे लावला. खाल्लेला टायर काढून टाकला, पुढे जोडीने नवे दोन घेतले.

मग पहिल्याच दुकानात अलाइनमेंट केलं, या वेळी शेजारी उभं राहून. मुलाने ढकलून डुलणं वजा करणं नीट दाखवलं. एकूण टो ०°०४', दोन्ही बाजूंना दोन-दोन मिनिटं. डावा कॅम्बर उणे ०°३८', उजवा उणे ०°३४'. संध्याकाळी पार्किंगमध्ये परत दोरे बांधले. पुढे ढकलून, मागे ढकलून, अर्धा फेरा फिरवून, चारही वेळा डावं चाक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

निळी_छत्री
किती छान वाटलं वाचून. तुमचे पाइप आणि दोरा आहे तसाच आहे ना? माझ्या गाडीचं स्टेअरिंग हल्ली वळणावरून परत यायला वेळ लावतंय, एकदा मोजून बघायचंय.

घाटातला_गिअर
आहे ना, खाचांसकट. रविवारी सकाळी सातला या, तेव्हा पार्किंग रिकामं असतं. येताना चारही टायरची हवा बघून या, आणि ग्रीस लावायला दोन गुळगुळीत फरश्या मिळाल्या तर घेऊन या, कॅस्टरही मोजू. बाबांनी टेप आत्ताच काढून ठेवलाय.